वीतभर दोरी

"थोडा उतार आहे हं... झालं," असं ती म्हणाली, आणि ते त्याला म्हणाली नाही. सकाळ होती, कालव्याच्या कडेचा रस्ता रात्रीच्या दवानं ओला होता, तो नेहमीसारखा मागे पडला होता आणि त्याच्या कानांत स्वतःचीच धाप भरलेली होती. तरी त्या धापेतून हे वाक्य आरपार आलं. वाक्यात तसं काहीच नव्हतं. उतार होता, तो तिनं सांगितला. उतार संपला, तेही सांगितलं. पण तिचा हा आवाज त्याचा होता. निदान इतकी वर्षं त्याची तशी समजूत होती. लग्नाच्या आधी एकदा कामावरच्या तपासणीसाठी तो रक्त द्यायला गेला होता. बाही वर करून, सुईकडे न बघता समोरच्या भिंतीकडे बघत बसला होता. पांढऱ्या कोटातल्या एका मुलीनं त्याच्या दंडाला रबरी पट्टा आवळला आणि म्हणाली, "थोडं टोचेल हं... झालं." त्या 'हं' आणि 'झालं' यांच्या मधल्या जागेत तो प्रेमात पडला. पुढच्या आठवड्यात पुन्हा गेला, काही कारण नसताना, तेव्हा तिनं चिठ्ठी मागितली आणि त्याच्याकडे चिठ्ठी नव्हती. ती हसली. ही गोष्ट त्यांच्या घरात पाहुण्यांना सांगायची गोष्ट होती, आणि सांगताना तो ते वाक्य तिच्या आवाजात म्हणून दाखवायचा. ती दिवसभर येईल त्या माणसाला हेच म्हणते हे काय त्याला ठाऊक नव्हतं? होतं. पण तिथे ती कामावर असते, अंगात कोट असतो. कालव्याकाठी कोट नव्हता. घामानं पाठीला चिकटलेला सदरा होता, मानेवर सुटलेले केस होते आणि मनगटाला बांधलेल्या दोरीच्या दुसऱ्या टोकाला एक उंच माणूस होता. पोटात कळ उठली. धावताना कळ येते तशीच कळ असेल, असं म्हणून त्यानं बरगडीखाली हात दाबून धरला.

धावायचं खूळ तिचंच. त्याचं रक्त तिच्याच हाताखालून गेलं आणि साखर सीमेवर आलेली निघाली. रात्री जेवताना ती म्हणाली, "तुझं रक्त तुझ्यापेक्षा खरं बोलतं. उद्यापासून पळायचं." "कुणी?" "दोघांनी. तू एकटा काय पळणार, कोपऱ्यावर जाऊन चहा पिऊन येशील." सासूबाईंना फोनवर कळलं तेव्हा त्या खो खो हसल्या आणि म्हणाल्या, "जावईबापू, आधी जिना चढा. दिवसभर लिफ्टमध्ये राहून पाय विसरलात तुम्ही." तो लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस होता; लिफ्टमध्ये नव्हे, लिफ्टच्या वर आणि खाली, खड्ड्यात नि माथ्यावरच्या खोलीत त्याचे दिवस जात. पण सासूबाईंना हे समजावण्याच्या फंदात तो पडला नाही. दुकानात जोडीनं घेतले तर स्वस्त म्हणून त्यांनी एकाच रंगाचे बूट घेतले, नारिंगी, डोळ्यांत खुपतील असे. "हरवलास तर सापडशील," ती म्हणाली. पहिले काही दिवस फार सुखाचे गेले. दोघंही सारखीच धापत. विजेच्या एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत पळायचं आणि पुढच्यापर्यंत चालायचं, खांब आला की दोघांनी एकदमच कमरेवर हात ठेवून वाकायचं आणि एकमेकांच्या लाल तोंडांकडे बघून हसायचं. तेव्हाच त्यांनी सकाळी धावणाऱ्यांच्या गटात नाव घातलं. वर्षाकाठी एकदा होणाऱ्या शर्यतीत जोड्यांसाठी वेगळी धाव होती: बरोबर सुटायचं, बरोबर पोचायचं, हात धरून शेवटचा पट्टा ओलांडायचा. त्यात त्यांनी दोघांचं नाव दिलं. शर्यत जिंकायची वगैरे भाषा कुणाच्याच तोंडी नव्हती. हात धरून पट्टा ओलांडायचा एवढंच. त्याच्या मनात ते चित्र पक्कं बसलं होतं, आणि कामावर खड्ड्यात उताणा पडून वर अंधाराकडे बघताना तो ते चित्र अधूनमधून काढून पाहायचा.

मग तिचे पाय सुटले. त्याला तो दिवससुद्धा आठवतो. एक खांब आला आणि ती थांबली नाही. मागे वळून "येतोयस ना?" असं ओरडली आणि पुढच्या खांबाकडे गेली. त्याला अभिमान वाटला. खोटं कशाला बोला, वाटला. घरी येऊन त्यानं सगळ्यांना फोन करून सांगितलं. अभिमान आणि दुसरं ते जे काही असतं, ते शेजारी शेजारी राहतात, भिंतीला भिंत लावून, हे त्याला तेव्हा कळायला हवं होतं. गटाला शिकवणारा शिट्टीवाला (त्याच्या गळ्यात कायम शिट्टी, आणि तो ती कधीच वाजवत नसे) तिला म्हणाला, तुमचा श्वास चांगला आहे. मग एका सकाळी त्यानं सगळ्यांना गोल उभं करून विचारलं की, प्राध्यापकांना धावायला नेणारे जोडीदार गाव सोडून गेलेत, आता त्यांना कोण नेईल? आणि बायकोचा हात वर गेला. तो त्या दिवशी कामावर होता. एका दवाखान्याची लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली होती. संध्याकाळी तिनं सांगितलं, गटात एक सर नवे आलेत, त्यांना दिसत नाही, त्यांच्याबरोबर पळायचं म्हणजे मनगटाला दोरी बांधावी लागते, आणि सध्या बुटाची नाडीच बांधतात, ती काचते. "तू दोरांमधला माणूस. एक चांगली करून दे ना."

आणि त्यानं करून दिली. हेच त्याला आता खायला उठे. प्राध्यापक म्हटल्यावर त्याच्या डोळ्यांपुढे काठी टेकणारा, कोटाला डाग पडलेला म्हातारा आला होता. जेवणाच्या टेबलावर सामान मांडून त्यानं मऊ विणीची मजबूत दोरी निवडली, दोन्ही टोकांना फासे केले, फाशांना आतून जुन्या मोज्याचं कापड लावलं, टोकं अशी गुंतवून शिवली की गाठ कुठे दिसू नये. लांबी ठरवताना तिनं विचारलं, "एवढी आखूड?" तेव्हा त्यानं धंद्यातलं शहाणपण पाजळलं. ढिला दोर म्हणजे घात. दोर ढिला पडला की वजन कुठे आहे ते कळत नाही, आणि मग एकदम हिसका बसतो. दोर ताणलेलाच हवा. वीतभर पुरे. ती म्हणाली, "तुला जास्त कळतं," आणि दोरी मनगटात घालून तिनं खोलीभर फेरी मारली. पहिल्यांदा त्या दोघांना त्यानं धावताना पाहिलं तेव्हा त्याला आपली कारागिरी कळली. म्हातारा कसला! त्याच्याच वयाचा, उंच, सरळ, मोकळे लांब पाय टाकणारा माणूस, आणि वीतभर दोरीमुळे दोघांची कोपरं दर पावलाला एकमेकांना लागत होती. हात बरोबर पुढे, हात बरोबर मागे. शिट्टीवाला बघून म्हणाला, "दोरी जरा आखूड झालीये, पण लय काय जमलीये बघा." तो काय बोलणार? लांब करतो म्हणावं, तर का ते सांगावं लागेल. आपल्या हातानं शिवलेलं आपणच कसं उसवायचं?

शिवाय ती बोलत होती. धावताना त्याच्याशी ती कधी चार शब्द बोलली नव्हती, श्वास वाया जातो म्हणायची. आता तिचा श्वास वाया जात नव्हता. मागून तुकडे ऐकू येत. उजवीकडे पाणी साचलंय. समोरून सायकल येतेय, जाऊ दे तिला. कालव्यात बदकं आहेत, एक मागे राहिलंय, ओरडतंय बिचारं. आज आभाळ कसं आहे सांगू? घरी दोघांची बोलणी ठरलेली होती: नळ गळतोय, तुझ्या ताईचा फोन होता, चावी कुठे ठेवलीस. आभाळ कसं आहे हे त्याला कुणी सांगत नव्हतं, कारण त्याला दिसत होतं. म्हणजे डोळे असण्याची ही शिक्षाच झाली की. एका रविवारी त्याला काय सुचलं कोण जाणे, ती स्वयंपाकघरात काहीतरी चिरत असताना तो डोळे गच्च मिटून आत गेला. हात पुढे न करता, सावकाश. दोन पावलं, तीन पावलं. ती त्याच्याकडे बघतेय हे त्याला जाणवत होतं, सुरीचा आवाज थांबला होता. आता म्हणेल, डावीकडे हं. आता म्हणेल. कपाटाचं उघडं दार त्याच्या कपाळावर असं बसलं की तो मटकन खाली बसला. "डोळे फुटले का तुझे?" ती ओरडली, आणि लगेच गप्प झाली, ओठ चावला. त्यानं तो चावलेला ओठ पाहिला. म्हणजे हा शब्द उच्चारल्यावर तिला कोण आठवलं हे सांगायला ज्योतिषी नको होता. ती बर्फ घेऊन आली, टेंगळावर धरला, "काय करत होतास तरी काय?" म्हणून दोनदा विचारलं. तो म्हणाला, काही नाही, चक्कर आली. मग ती घाबरली आणि साखर तपासायला बसली. साखर उत्तम होती.

त्यानंतर त्यांच्या मागे धावणं त्याला अशक्य झालं. पुढे ते दोन हात हलताना दिसायचे, एकच माणूस आपले दोन हात हलवतोय असे, आणि त्याच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. कालव्यावर पंपघर होतं, विटांचं, बंद पडलेलं. त्याच्या पुढे रस्ता वळायचा आणि वळण संपता संपता एक उंच पायरी चढून पूल लागायचा. ते दोघं वळणाकडे गेले की तो पंपघराच्या आडोशाला जाऊन बसू लागला. भिंतीशी एक दगडी ओटा होता. तिथे पाय पसरून बसायचं, समोरचं पाणी बघायचं, त्यांनी आता पूल ओलांडला असेल, आता ती हसली असेल, आता त्याच्या कोपराला कोपर लागलं असेल, असा सगळा रस्ता मनातल्या मनात चालायचा. बाहेर नळ होता. परतीच्या पावलांचा आवाज आला की नळाचं पाणी तोंडावर, मानेवर मारायचं, सदरा पुढून भिजवायचा आणि धापत रस्त्यावर यायचं. "बरा घाम आला आज," ती म्हणायची. "चांगलंय." प्राध्यापक म्हणायचे, "नमस्कार, मागचे गृहस्थ!" आणि मोकळं हसायचे. त्याला ते हसणं आवडायचं, आणि आवडतं म्हणून जास्तच राग यायचा. माणूस दुष्ट असता तर किती सोपं झालं असतं.

शर्यत जवळ आली. तो विचारत नव्हता आणि ती सांगत नव्हती. मग एका संध्याकाळी कपड्यांच्या घड्या घालता घालता, त्याच्याकडे न बघता, ती म्हणाली, "शर्यतीला मी सरांना घेऊन पळणारेय. त्यांना दुसरं कुणी नाहीये." त्याच्या हातात उशीचा अभ्रा होता. "आणि जोडीचं?" "तू तरी कुठे पळतोस आता मनापासून," ती म्हणाली, आणि घडी पुन्हा मोडून पुन्हा घातली. त्यानं भांडायला हवं होतं. तो म्हणाला, "बरं." इतकं सरळ म्हणाला की तिनं वर पाहिलं. त्या रात्रीच तिला ताप भरला. सकाळी ती अंथरुणातून उठायला लागली आणि तोल जाऊन परत बसली. म्हणाली, "आज सर वाट बघत उभे असतील. तू जा ना. तेवढं वळणानंतरची पायरी नक्की सांग." "सांगेन," तो म्हणाला. दोरी खुंटीला लटकत होती. त्यानं ती काढली तेव्हा फाशाला तिच्या मनगटाचा वास होता, घाम आणि हात धुवायच्या औषधाचा.

"आज मागचे गृहस्थ पुढे!" प्राध्यापकांनी हात पुढे केला. फासा मनगटात सरकवताना त्यांचा हात कोरडा आणि गरम लागला. ते धावू लागले आणि पहिल्या खांबापर्यंतच त्याच्या लक्षात आलं की ही दोरी बोलते. कामावर लिफ्टचा वायरचा दोर तपासताना तो त्यावरून फडकं फिरवायचा. एखादी बारीक तार तुटली असेल तर ती फडक्याला धरते, बघावं लागत नाही. तसंच हे. प्राध्यापकांचा खांदा किंचित उचलला की मनगटाला कळत होतं. त्यांनी आवंढा गिळला तरी कळत होतं. म्हणजे तिला हे सगळं रोज कळत होतं, आणि तिचं सगळं यांना. तो काहीच सांगत नव्हता; उतार आला, गेला. प्राध्यापक सुरुवातीला आपणच गप्पा मारत होते, कॉलेजातल्या, कुठल्याशा जुन्या राजाच्या मूर्खपणाच्या, मग तेही थांबले. दोघांची कोपरं घासत होती. पंपघर आलं, त्याचा ओटा मागे गेला. वळण आलं. पायरी त्याला दिसली. 'पायरी' हा शब्द जिभेवर आला, तयार, पाणी सुटावं तसा, आणि त्यानं तो तिथेच धरून ठेवला. शब्द एवढासाच होता. तो त्यानं गिळला.

प्राध्यापक दाणकन पडले. दोरी वीतभरच होती, ढील नव्हती, त्यामुळे हिसका याच्याही मनगटाला बसला, फासा कातडीत रुतला आणि तो त्यांच्या शेजारी गुडघ्यांवर आला. प्राध्यापकांनी उठून बसत दोन्ही तळहात पुढे धरले, खडी टोचून रक्त आलेले, आणि दुसऱ्याच्या कुणाचे असावेत तसे हवेत ठेवले. "पाडायचंच होतं," ते म्हणाले, "तर गवतावर तरी पाडायचंत."

"मी..." तो म्हणाला.

"नाही, चूक माझीपण आहे. मी शब्दाची वाट बघतच नव्हतो. मी दोरीवर होतो." त्यांनी मान हलवली, जरा चिडूनच. "बाईंचा शब्द बरेचदा उशिरा येतो. पण या वळणावर त्या मागे बघतात. रोज. मागे वळल्या की दोरीला पीळ बसतो, तो बसला की मी पाय उचलतो. आज पीळ बसलाच नाही. बसेल कसा, म्हणा. तुम्ही कशाला मागे बघाल?"

"मागे काय बघते?"

"ते मला कसं दिसणार?" प्राध्यापक हसले नाहीत. "तुम्ही किती मागे आहात ते बघत असतील. पूर्वी पटकन बघायच्या. अलीकडे फार वेळ बघतात, मग एक सुस्कारा टाकतात आणि मग जोरात पळतात. मला दम लागतो. कुठे असता हो तुम्ही?"

तो त्यांचा फासा सोडवू लागला. आपण किती घट्ट शिवलंय हे शिवणाऱ्यालाच कळत होतं. मग त्यानं त्यांना हाताला धरून घरी आणलं. वाटेतला प्रत्येक खड्डा, प्रत्येक दगड त्यानं सांगितला. नको तिथेही सांगितला.

ती दारातच उठून आली, तापानं डोळे तांबरलेले, खांद्यावर पांघरूण. दोघांचे गुडघे पाहिले, काही विचारलं नाही, आतून औषधांचा डबा आणला. प्राध्यापकांना खुर्चीवर बसवून त्यांचा हात आपल्या हातात घेतला. "थोडं झोंबेल हं..." ती म्हणाली. कापूस फिरला. "झालं. आता दुसरा." तो भिंतीला टेकून उभा राहून ऐकत होता. आवाज तोच होता. पहिल्यासारखीच कळ पोटात उठली. प्राध्यापक काहीही म्हणोत, ती कळ काही गेली नव्हती. फक्त तिच्या शेजारी आता आणखी एक काहीतरी येऊन बसलं होतं आणि त्याला जागा पुरत नव्हती. पट्ट्या बांधून झाल्या, त्यानं सगळ्यांना चहा करून दिला, मग तिनं वर न बघता विचारलं, "पायरी सांगितली नाहीस?"

प्राध्यापकांनी तोंड उघडलं, मग मिटलं. त्यांनी चहाचा कप शोधला आणि तो रिकामा असूनही तोंडाला लावला.

"नाही सांगितली," तो म्हणाला.

ती बराच वेळ डब्याचं झाकण लावत राहिली. ते लागत नव्हतं. शेवटी तो म्हणाला, "वळणाच्या अलीकडे, पंपघरामागे ओटा आहे. मी तिथे बसायचो. रोज. ते पाणी नळाचं असायचं."

"माहितीये मला."

"कसं?"

"भिंतीपलीकडून तुझे पाय बाहेर यायचे," ती म्हणाली. तिचा आवाज तापानं घोगरा झाला होता. "नारिंगी बूट. रोज वळून बघायचे, आज तरी रस्त्यावर दिसतोयस का म्हणून. रोज ते बूट दिसायचे, पसरलेले. हाक मारणार होते एकदा. मग वाटलं, लपलेल्या माणसाला काय हाक मारायची." तिनं नाक पुसलं. "शर्यतीला मी मागे बघणार नाहीये. सांगून ठेवते. बघता बघता पायरी सांगायची राहिली तर परत पडतील ते."

दाराशी ते बूट काढून ठेवलेले होते, त्याचे आणि तिचे, एका रंगाचे. तिनं त्याच्याकडे पाहिलं, मग त्याच्या मनगटाकडे. फासा रुतला होता तिथे कातडी सोलवटून गोल रक्ताळली होती. "बस," ती म्हणाली. तो बसला. तिनं त्याचा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला, उताणा केला, बाटली उलटी करून कापूस चांगला भिजवला. त्यानं भिंतीकडे बघितलं, पहिल्या दिवशी बघितलं होतं तसं, आणि वाट पाहिली. आता म्हणेल. तिचा गरम श्वास मनगटावर येत होता. आता म्हणेल. ती काहीच म्हणाली नाही. तिनं कापूस टेकवला आणि धरून ठेवला.